जगात भारी म्हणायचंय ना, मग एक कॉट द्या

मागच्या डिसेंबरात आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. पन्हाळ्याच्या रस्त्याला रिसॉर्ट घेतलं होतं, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, पाठीवर पासआउटचं वर्ष आणि छातीवर कॉलेजचा लोगो, सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, पुण्याहून आलेले, बेंगळुरूहून आलेले, एक जण तर दुबईहून फक्त दोन दिवसांसाठी आलेला. मला मनापासून भारी वाटलं. वीस-बावीस वर्षांनी एखादा माणूस लांबून हाक मारतो आणि आवाजावरनंच ओळखू येतो, त्या आनंदाला दुसरं काही नाव नाही.

जेवणानंतर आमच्या जुन्या सरांनी खिशातनं एक घडी घातलेला कागद काढला. त्यांनी आमच्या वर्गाची यादी कुठनं तरी शोधून आणली होती आणि म्हणाले, चला, हजेरी घेतो. सगळे लहान पोरांसारखे सरळ बसले. रोल नंबर एक, येस सर. दोन, येस सर. असं चालू असताना सतरा नंबर आला आणि कुणीच बोललं नाही. सरांनी चष्म्यावरनं वर बघितलं, परत एकदा नंबर घेतला, मग पुढं गेले.

सतरा नंबर म्हणजे माझ्या शेजारच्या बेंचवर बसणारा पोरगा. गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीतला. अक्षर असं की आमच्या अर्ध्या वर्गानं त्याच्या वहीवरनं झेरॉक्स काढलेल्या. एस.वाय.ला असताना दिवाळीनंतर तो आलाच नाही. तीन पोरं मिळून राहत होती त्या खोलीचं भाडं वाढलं, घरी म्हैस गाभण राहिली नाही म्हणून दुधाचे पैसे नाहीत, मेसचे दोन महिने थकलेले, एवढं आम्हाला नंतर कळलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दीडशेवर माणसं आहेत आणि त्याचा नंबर एकाकडंही नाही, कारण ग्रुपच्या नावात पासआउटचं वर्ष आहे आणि तो पासआउट झालाच नाही.

त्या दिवसापासनं माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. आपण माजी विद्यार्थी म्हणून जो अभिमान मिरवतो तो ज्यांचं शिक्षण पुरं झालं त्यांचाच आहे. आणि ज्या गावात आपण शिकलो त्या कोल्हापूरची खरी परंपरा नेमकी ह्याच्या उलट आहे. बाहेरगावच्या गरीब पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळावं म्हणजे तो शिकू शकेल, ह्यासाठी ह्या गावानं सव्वाशे वर्षांपूर्वी जे केलं ते फार कमी गावांनी केलं असेल. ती परंपरा पुढं चालवणं हे आता सरकारपेक्षाही आम्हा माजी विद्यार्थ्यांचं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते न करता नुसतं जगात भारी कोल्हापुरी म्हणण्यात काही अर्थ नाही.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात हे आपण शाळेत पाठ केलंय. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणायचे त्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागोमाग एक बोर्डिंगं निघत गेली. ह्यात महाराजांना काय कळलं होतं बघा. राजाराम कॉलेज १८८० पासनं होतंच. कॉलेजचं दार उघडं होतं, पण खेड्यातला पोरगा त्या दारापर्यंत पोचायचा कसा आणि पोचला तर रात्री झोपायचा कुठं? १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, पण त्या जागांवर बसायला शिकलेली माणसं तयार व्हायची तर आधी त्यांना एक अंथरूण आणि एक ताट लागणार. म्हणून बोर्डिंग.

राजाराम कॉलेजचा माजी विद्यार्थी म्हणून आपण गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव मोठ्या अभिमानानं घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण त्यांच्या शिक्षणाची गोष्ट नीट वाचली तर त्यात एक आकडा येतो. वडील गेलेले, थोरल्या भावाला महिन्याला १५ रुपये पगार, त्यातले ८ रुपये तो धाकट्याला शिकायला पाठवायचा. अर्ध्याहून जास्त पगार! मला तर गोखल्यांइतकाच त्या भावाचा अभिमान वाटतो. तो कुठल्या कॉलेजचा माजी विद्यार्थी नव्हता, पण त्याचे ते आठ रुपये नसते तर आपण ज्यांचं नाव घेतो ते गोखले शिकले कशाच्या जोरावर असते.

आणि बोर्डिंगचा सगळ्यात मोठा माजी विद्यार्थी कोण म्हणाल तर कर्मवीर भाऊराव पाटील. ते जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आले, तर आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही असं त्यांना सांगितलं, हे काय आंघोळ करायला तयार होईनात आणि शेवटी बोर्डिंगातनं बाहेर काढले गेले. म्हणजे आपल्या हिशेबानं ते पासआउटसुद्धा नाहीत. पण पुढं ह्याच माणसानं १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सगळ्या जातीची पोरं एकत्र राहतील असं बोर्डिंग चालवलं आणि त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. ज्या बोर्डिंगातनं बाहेर काढलं त्याचा राग धरून न बसता बोर्डिंग ही कल्पनाच त्यांनी घेतली आणि तिच्यातली चूक दुरुस्त करून महाराष्ट्रभर नेली. माजी विद्यार्थ्यानं आपल्या गावाचं देणं कसं फेडावं ह्याचं ह्याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता आजचं बघूया. सकाळी स्टँडवर जाऊन उभं राहा. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड अशा गाड्या लागत असतात. ड्रायव्हरच्या मागच्या कप्प्यातनं कापडात बांधलेले डबे निघतात, वायरच्या पिशव्या, पिशवीला चिठ्ठी सेफ्टी पिननं लावलेली, चिठ्ठीवर नाव आणि मोबाईल नंबर. पोरं येतात, आपापला डबा ओळखतात, कालचा रिकामा डबा त्याच गाडीत ठेवतात. मी एकदा एका पोरीला स्टँडच्या बाकड्यावरच डबा उघडताना बघितलं. वर तीन भाकरी, खाली आमटी सांडून फडकं पिवळं झालेलं, आणि भाकरीच्या घडीत कागदात गुंडाळलेल्या पन्नासच्या दोन नोटा. तिनं आधी नोटा कंपासमध्ये ठेवल्या, मग फडकं पिळलं, मग खायला लागली. त्या आईनं तो डबा पहाटे किती वाजता उठून भरला असेल ते गाडीच्या टायमिंगवरनं हिशेब करून बघा.

सरकारनं २०२४ पासनं व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची फी माफ केली, फार चांगलं केलं. पण फी माफ झाली तरी कॉट माफ होत नाही. शहरात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहायचं, मेस लावायची, वर झेरॉक्स, रिचार्ज, एखादं आजारपण, हे सगळं महिन्याचं पाच हजारांच्या खाली भागवणं अवघड आहे. स्वाधारसारख्या योजना आहेत, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, पण घरमालक काही योजनेचा हप्ता येईपर्यंत थांबत नाही, त्याला एक तारखेला भाडं लागतं. माझा सतरा नंबरचा मित्र फीमुळं गेला नव्हता, तो खोलीच्या भाड्यामुळं गेला.

मग माजी विद्यार्थी संघ काय करतात? बऱ्याच कॉलेजांत हा संघ नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, टीम यायच्या वर्षी जागा होतो. नॅकच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे मार्क असतात, त्यामुळं त्या वर्षी फोन येतात, फॉर्म भरून घेतात, एक मेळावा होतो, फोटो काढले जातात आणि फाईल पूर्ण होते. मी कॉलेजवाल्यांना दोष देत नाही, त्यांना ती फाईल लागतेच. पण आपण त्या फाईलपुरते राहायचं का हे आपण ठरवायचं असतं. आणि पैसे दिले तर कशाला देतो? कमान, बाकडी, वॉटर कूलर, घड्याळ, सगळ्यावर बॅचच्या नावाची पाटी. वॉटर कूलर वाईट नाही, उन्हाळ्यात त्याचं पाणी पोरं पितातच. पण एका बॅचनं बाकडं दिलं म्हणून पुढच्या बॅचनं कमान दिली असं होत जातं आणि त्या बाकड्यावर बसायला जो पोरगा कॉलेजात टिकायला पाहिजे तो टिकला का हे कुणी विचारत नाही.

आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त लाईक कशाला मिळतात माहितीये का? रंकाळ्याच्या संध्याकाळच्या फोटोला. संध्यामठ पाण्यात, मागं सूर्य बुडतोय, आणि खाली तीस-चाळीस जणांचं 'मिस यू रंकाळा'. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा ग्रुपवर कुणी झोपलंच नाही. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते थिएटर, दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्टला केशवरावांची जयंती, आणि आदल्या रात्री हे. माझ्यासकट कितीतरी जण रडले, कारण गॅदरिंगच्या तालमी, एकांकिकेच्या स्पर्धा, विंगेत उभं राहून धडधडणारं काळीज, सगळं त्या एका इमारतीत होतं. जागेवर असं प्रेम करणं मला फार चांगलं वाटतं, त्यात खोटं काही नाही.

पण ह्या आठवणी कुणाकडं आहेत ह्याचा जरा विचार करा. रंकाळ्यावरची संध्याकाळ कुणाला मिळते? जो संध्याकाळी शहरात असतो त्याला. आमच्या वर्गात अपडाऊन करणारी पंधरा-वीस जणं होती, त्यांची पाचची गाडी चुकली की पुढची थेट मुक्कामाची. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याची एसटी बंद, मग आठ-आठ दिवस कॉलेज नाही. त्यांना ना रात्रीची तालीम बघायला मिळाली, ना शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच संपल्यावर पेठेत होणारा जल्लोष, ना किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात गर्दीत उभं राहणं. आपण ज्याला 'आपलं कोल्हापूर' म्हणतो ते कोल्हापूर एका कॉटच्या भाड्याएवढं लांब होतं त्यांच्यापासनं. म्हणून मी म्हणतो कॉलेजचा अभिमान, गावच्या परंपरा आणि रंकाळ्याच्या कट्ट्याचं प्रेम ह्या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, ह्या तिन्ही त्यालाच मिळतात ज्याला शहरात पाठ टेकायला जागा आहे.

किरणोत्सवाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन देवीच्या पायापासनं मुखापर्यंत जातात. एखाद्या वर्षी पोचत नाहीत. ढग असतात हे एक, आणि दुसरं म्हणजे वाटेत वाढलेली बांधकामं, ज्याच्यावर किती वर्षं चर्चा चाललीय. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी एकदाच बांधलं, पण किरणांची वाट प्रत्येक पिढीला परत मोकळी ठेवावी लागते. बोर्डिंगचं तसंच आहे. शाहू महाराजांनी केलं होतं एवढं सांगून आपलं भागत नाही. दसरा चौकात शाही दसऱ्याला सोनं लुटायला आपण लांबनं येतो, व्हिडिओ काढतो, आणि जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग त्याच चौकाच्या कडेला उभी आहेत. आपल्यातल्या किती जणांनी कधी आत जाऊन विचारलंय की बाबांनो, यंदा किती पोरांना जागा नाही म्हणून परत पाठवलं?

लोक म्हणतील, माणसं आता पांगलीत, नोकरी, ईएमआय, आईबापांची औषधं, कोण करणार हे. मी त्यांना २०१९ चा महापूर आठवायला सांगतो. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बेंगळुरू रस्ता कितीतरी दिवस बंद, आणि तरीसुद्धा आमच्याच ग्रुपनं दोन दिवसांत पैसे गोळा केले, औषधं, चादरी, पाण्याचे बॉक्स, दूध पावडर, गाड्या भरून आणल्या, पाणी उतरायची वाट बघत ड्रायव्हरबरोबर रस्त्यावर झोपले. इकडं तालमींची पोरं छातीएवढ्या पाण्यात म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढत होती. २०२१ ला परत तेच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नॅकचा फॉर्म दिला नव्हता. आपल्याला करता येतं हे सिद्ध झालेलं आहे. पूर टीव्हीवर दिसतो म्हणून आपण धावतो आणि पोरगा कॉलेज सोडून जातो तो कुणाला दिसत नाही, एवढाच फरक आहे.

दुसरं एक म्हणणं जास्त गंभीर आहे आणि ते मला आमच्याच ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं ऐकवलं. ती म्हणाली, बोर्डिंगं जातीवर होती, तेच परत आणायचं का? तिचा प्रश्न बरोबर आहे. तेव्हा एका पंक्तीला जेवायला लोक तयार नव्हते, पोरं शिकली पाहिजेत ही घाई होती, म्हणून ज्या त्या समाजाला हाताशी धरून महाराजांनी बोर्डिंगं काढली. त्या काळात त्यानं पोरं शिकली. पण आज आपण जे करू ते जात विचारून करायचं नाही, ह्यावर मी ठाम आहे. भाऊरावांनी ती दुरुस्ती शंभर वर्षांपूर्वी केलेली आहे, आपण तिथनं मागं जायचं काही कारण नाही. ज्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीत, १९५० मध्ये, महात्मा फुल्यांच्या पुतळ्याबरोबर उभा राहिला, त्या गावातल्या माणसांना हे वेगळं सांगावं लागू नये.

आणि पैसे खाल्ले जातील, कॉलेज दुसरीकडंच वापरेल, ही भीती सगळ्यांनाच असते. मग कॉलेजला देऊच नका की. कॉट मालकाला भाडं थेट, मेसवाल्या मावशींना पैसे थेट, आणि दर महिन्याचा हिशेब ग्रुपवर. आमचा हिशेब असा आहे. साठ जणांनी महिन्याला ५०० रुपये दिले तर ३०,००० होतात. एका पोराला महिन्याला ५,००० धरले तर सहा पोरं उभं वर्ष शहरात राहतात, रात्री अभ्यास करतात आणि संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बसतात. तेवढ्या पैशात आमचं ते रिसॉर्ट दोन दिवसांसाठीसुद्धा मिळालं नव्हतं. पोरं कशी निवडायची ह्यावर बरीच चर्चा झाली, शेवटी ठरलं की मार्कांची अट नको. ज्याची हजेरी अचानक कमी व्हायला लागलीय त्याला आधी गाठायचं, आणि ते सगळ्यात आधी कुणाला कळतं तर वर्गावर शिकवणाऱ्या मास्तरांना आणि कॉलेजच्या शिपाईमामांना, म्हणून त्यांचे नंबर घ्यायचे. त्या पोराचं नाव, फोटो कुठं टाकायचा नाही, स्टेजवर बोलवून चेक द्यायचा नाही. त्याला लाज वाटेल असं काही करायचं नाही, कारण माझ्या मित्रानं मेसचे पैसे थकल्याचं आम्हाला सांगितलं नाही ते त्याच लाजेपोटी.

मागच्या आठवड्यात मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. अकरा जणांनी लगेच हो म्हटलं, चौघांनी विचारून सांगतो म्हटलं, दुबईवाल्यानं वर्षाचे पैसे एकदम टाकतो म्हणून मेसेज केला. सरांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, अरे तो सतरा नंबरचा काय करतो आता? मी म्हटलं माहीत नाही सर. ते म्हणाले, कॉलेजच्या जुन्या प्रवेश रजिस्टरला गावाचा पत्ता असतो, मी बघून ठेवतो. रविवारी सकाळी आम्ही दोघं-तिघं कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन कॉट बघायला चाललोय, आणि तिथनं वेळ झाला तर गगनबावड्याच्या गाडीत बसणार आहे.